शपथेला ठिगळ

(यरुशलेम पडून महिना झाला आहे. रामा गावाबाहेरच्या माळावर, बाबेलला न्यायच्या कैद्यांच्या रांगा उन्हात बसवल्या आहेत.)

अतारा : आणि तू त्याच्या तोंडावर असं म्हणालीस?

हेला : त्यानं विचारलं, कुणाच्या घरची. मी म्हटलं, अमर्या धन्याच्या घरची.

अतारा : अगं, तो दुभाष्या तुला सोडायला आला होता. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही, ते सगळे इथंच राहणार आहेत. मोलकरणी, गुलाम, गुराखी, सगळे. वर त्यांना मळे वाटताहेत. मला मिस्पाच्या वाटेवर द्राक्षमळ्याचा तुकडा मिळालाय, एका सरदाराचा होता. तुला नुसतं म्हणायचं होतं, मी कुणाचीच नाही.

हेला : कानाला भोक आहे, अक्का.

अतारा : भोकाचं काय घेऊन बसलीस? पदर ओढला की झाकतं ते.

हेला : भोक झाकेल. बोललेलं कशानं झाकू? धन्याच्या दाराला कान टेकवून, देवाचं नाव घेऊन बोललेय मी. धन्यावर माझी माया आहे, मला सुटून जायचं नाही, असं.

अतारा : आणि ते एकदा म्हटलं, कानातून चांभाराची आरी गेली, की मरेपर्यंत त्या घरची गुलामी. माहीत आहे मला. म्हणून तर मी म्हटलं नाही. पण मला सांग, अख्ख्या यरुशलेमात शब्दाला जागणारं माणूस एकच निघावं, आणि ती माझी बहीण असावी? राजानं गुलाम सोडायची शपथ मोडली. सरदारांनी मोडली. ज्यांनी ती घालून दिली त्या याजकांनीही मोडली.

हेला : त्यांनी मोडली म्हणून मी मोडायची?

यरूशा : हळू बोला. चार माणसं ऐकताहेत.

अतारा : ऐकू देत की, यरूशाबाई. ऐकायला कुणी चोरीच्या गोष्टी सांगत नाहीये.

यरूशा : यरूशाबाई? पूर्वी बाईसाहेब म्हणायचीस.

अतारा : पूर्वी तुमच्या पायांत पैंजण होते, आता दोरी आहे. आणि तरी तुम्हाला नावाचीच पडलीय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. घ्या, पाणी प्या आधी. अंजिरंही आणलीत. माझ्याच मळ्यातली आहेत.

यरूशा : तुझ्या मळ्यातली.

अतारा : म्हणायला गोड वाटतं, म्हणून दोनदा म्हणते. प्या. एवढं घाईघाईनं नको, ठसका लागेल.

यरूशा : तू आम्हाला पाणी पाजायला आलेली नाहीस. एवढं कळतं मला.

अतारा : पाणी तिच्यासाठी आणलं होतं, तुम्हाला मिळालं ते वाटणीचं. मी माझ्या बहिणीला न्यायला आलेय. ती खोटं बोलणार नाही, म्हणजे आता बोलायचं तुम्ही. त्या दुभाष्याशी बोलून आलेय मी. त्याला काही सोयरसुतक नाही. म्हणाला, मालकीण स्वतः सांगत असेल की ही माझी नाही, तर सोडतो, तेवढीच वाटेत एका तोंडाची भाकर वाचेल. ही रांग मोजायला येईल तेव्हा सांगा. एवढंच काम आहे.

यरूशा : एवढंच?

अतारा : एवढंच. सोडली म्हणा.

यरूशा : नाही म्हणता येणार मला.

अतारा : का? बाबेलपर्यंत पाय कोण चेपणार म्हणून?

यरूशा : तुला वाटेल तसं बोल. पाय चेपायला नको मला कुणी. तुला ठाऊक आहे मी का नाही म्हणतेय.

अतारा : नाही ठाऊक. सांगा.

यरूशा : त्या दिवशी तू होतीस ना मंदिराच्या चौकात? वासराच्या वेळी?

अतारा : होते की. आम्ही सगळे गुलाम भिंतीला लागून उभे होतो. वासराचं एक अर्ध डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधून ओली वाट. एकेक सरदार मधून चालत जायचा आणि म्हणायचा, आमच्या लोकांतले सगळे दास-दासी मी मोकळे केले. हा शब्द मोडला तर या वासरासारखे माझेही दोन तुकडे होवोत.

यरूशा : आमचे धनी तिसरे चालले.

अतारा : हो, झगा वर धरून. रक्त लागू नये म्हणून.

यरूशा : पण चालले. आणि नंतर मिसरची फौज येतेय म्हटल्यावर बाबेलचा वेढा उठला, वेशी उघडल्या, आणि महाराजांच्या डोळ्यांदेखत सगळ्यांनी आपापले गुलाम पुन्हा धरून आणले. केसांना धरून आणले, अतारा. आमच्या घरानं तसं केलं नाही. हेला आपल्या तोंडानं म्हणाली की मला जायचं नाही. दोन वडीलधारी माणसं साक्षीला होती. नियमानं आरी टोचली. सगळ्या यरुशलेमात शपथ मोडली नाही ते एक आमचं घर.

अतारा : असं होय. म्हणजे हिच्या कानाचं भोक ही तुमच्या शपथेची राखण.

यरूशा : हसू नकोस. माझा ईश्वी पुढच्या रांगेत आहे, पुरुषांमध्ये. काल त्याला मिसरूड फुटलंय. आज मी चारचौघांत म्हटलं की हेलाला सोडली, तर कुणीही विचारेल, का गं बाई, ती तर राजीखुशीनं राहिली होती ना? मग सगळं उकलेल. आणि वासराचा शाप कुणावर येईल? घरात आता तो एकटाच उरलाय.

हेला : ईश्वी बरा आहे, अक्का. सकाळी पाहिला मी. उंच झालाय.

अतारा : तू गप्प बस. तुझी माया ऊतू जायला लागली की मला घाम फुटतो. यरूशाबाई, एक विचारू? धनी गेले, ते कसे गेले?

यरूशा : तुला माहीत आहे.

अतारा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

यरूशा : रिब्लाला नेलं. बाबेलच्या राजाची छावणी तिथं होती. महाराजांच्या बरोबर जे जे सरदार पकडले, त्या सगळ्यांना तिथंच मारलं. तलवारीनं. स्वार सांगत आला.

अतारा : मग मोडक्या शपथेला हिच्या कानाचं ठिगळ लागलं नाही म्हणायचं.

यरूशा : ते महाराजांमुळे गेले. महाराजांच्या मागं लागून पळाले, म्हणून सापडले. आमच्या शपथेचा त्यात काही संबंध नाही.

अतारा : महाराज. अजून महाराजच.

यरूशा : मनानं वाईट नव्हते ते. तू दुरून पाहिलंस. आमच्याकडे येणं-जाणं होतं. कधी कुणावर हात उचलला नाही, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. वासराच्या दिवशी तर ढसाढसा रडले.

अतारा : रडला, मीही पाहिलं. आणि खरं रडला, नाटक नव्हतं ते. मीसुद्धा रडले. वाटलं, चला, देवानं या माणसाचं मन पालटलं. मग वेढा उठल्यावर सरदार त्याच्याकडे गेले, म्हणाले, घरात दळायला कुणी नाही, पाणी भरायला कुणी नाही. तेव्हाही त्याचं मन पालटलं. तेही खरंच पालटलं असेल. त्याचं दुखणंच ते होतं, बाई. जो शेवटी येऊन बसला त्याचं त्याला पटायचं.

यरूशा : त्यांनी कुणाला सांगितलं नाही, गुलाम परत आणा म्हणून.

अतारा : सांगितलं नाही, आणि अडवलंही नाही. राजा बोले दळ हाले, असं असतं बाकीच्या जगात. आमच्याकडे दळ बोलायचं आणि राजा हलायचा. त्या अनाथोथच्या संदेष्ट्याचं काय केलं? चार सरदार गेले, म्हणाले, हा लोकांचा धीर खचवतो, याला मारा. तर राजा काय म्हणाला?

यरूशा : म्हणाले, तो तुमच्याच हातात आहे. तुमच्यापुढं राजाचं काय चालतं.

अतारा : तुमच्यापुढं राजाचं काय चालतं. राजानं म्हणायचं हे. म्हाताऱ्याला दोरानं हौदात सोडला, कमरेएवढ्या चिखलात. मग राजवाड्यातला कूश देशाचा एक चाकर गेला, म्हणाला, महाराज, हे बरं नाही, म्हातारा मरेल. तर म्हणाला, हो, काढा वर. आधी आलेल्यांचं ऐकून टाकला, नंतर आलेल्याचं ऐकून काढला. ज्या बाबेलच्या राजानं त्याला गादीवर बसवला, सिद्कीया हे नावसुद्धा ज्यानं ठेवलं, त्याच्याशी देवाची शपथ घेऊन इमान राखायचं कबूल केलं. मग मिसरचे वकील आले, घोडे देतो म्हणाले. झालं, ती शपथही गेली. दोन शपथा, दोन्ही देवाच्या नावानं. आणि तुम्ही म्हणता मनानं वाईट नव्हते.

यरूशा : तुला सगळंच ठाऊक नाही.

अतारा : मग जे ठाऊक नाही ते सांगा.

यरूशा : धन्यांनी मला घरी सांगितलं होतं. महाराजांनी त्या संदेष्ट्याला गुपचूप बोलावलं होतं, मंदिराच्या तिसऱ्या दाराशी. म्हणाले, खरं सांग, काही लपवू नकोस. तो म्हणाला, शरण जा. शरण गेलास तर तू जगशील, तुझी मुलंबाळं जगतील, हे शहर जळणार नाही.

हेला : जळणार नाही, असं म्हणाला?

यरूशा : असं म्हणाला.

अतारा : मग? का नाही गेला?

यरूशा : म्हणाले, आपले जे लोक आधीच शरण गेलेत, ते माझी टर उडवतील.

अतारा : काय?

यरूशा : हसतील म्हणाले. त्यांची भीती वाटते म्हणाले.

अतारा : लोक हसतील म्हणून? लोक हसतील म्हणून त्यानं शहर जाळू दिलं? वेढा परत पडला, रोटीवाल्यांच्या गल्लीत भाकरी संपली तेव्हा मी बाहेर होते, मिस्पाला, पण ही आत होती. हिला विचारा आत काय खाल्लं लोकांनी.

हेला : नको, अक्का. ते नको बोलायला.

अतारा : नाही बोलत. माझा जीव चरफडतो, एवढंच. आणि शेवटी काय केलं त्यानं? तटाला भगदाड पडलं त्या रात्री बागेच्या वाटेनं, दोन भिंतींच्या मधून पळाला. ज्या लोकांना त्यानं उपाशी लढवलं, त्यांना सांगितलंसुद्धा नाही.

यरूशा : धनीही त्यांच्याबरोबर गेले.

अतारा : आणि तुम्ही?

यरूशा : मला उठवलं नाही. झोपलेली होते मी. जाग आली तेव्हा अंथरूण गार होतं. ईश्वी शेजारी होता, आणि ही दाराशी बसलेली.

हेला : बाईसाहेब, मी ऐकलं होतं त्यांना जाताना. मलाही उठवायचा धीर झाला नाही. म्हटलं, सकाळपर्यंत झोपू दे बाईंना. कळायचं ते कळणारच होतं.

अतारा : तुला तेव्हा पळता आलं असतं.

हेला : आलं असतं.

यरूशा : यरीहोच्या मैदानात गाठलं त्यांना. बरोबरचे सैनिक वाट फुटेल तिकडे पांगले. एवढी वर्षं ज्यांचं ऐकलं, त्यांतलं कुणी शेवटी आडवं आलं नाही. तो स्वार सांगत होता, रिब्लाला आधी त्यांची मुलं मारली, त्यांच्यासमोर. मग त्यांचे डोळे काढले. साखळ्या घालून नेताहेत आता, ठेचकाळत.

हेला : धाकटा आमच्या परसात यायचा, डाळिंबं मागायला. हातात मावतील तेवढी घ्यायचा आणि मग पाडायचा.

अतारा : त्या पोरांनी कुणाचं काय केलं होतं? मला राजाची दया येत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या पोरांची येते. आणि जे त्यानं शेवटचं पाहिलं, ते आता त्याला मरेपर्यंत पाहत बसायचंय. एवढी शिक्षा मीसुद्धा मागितली नसती.

यरूशा : आता कळलं मी का नाही म्हणते? महाराजांच्या मुलांवर आलं ते. बापानं मोडली आणि मुलांवर आलं. माझा एकच आहे, अतारा. तुझ्या पाया पडते, पण हेलाला सोडली म्हणायला लावू नकोस. माझ्या हातात काही नाही.

अतारा : पुन्हा तेच. तुमच्यापुढं राजाचं काय चालतं, माझ्या हातात काही नाही. वरून खालपर्यंत सगळ्या शहराच्या तोंडी एकच वाक्य. बरं, मला एक सांगा. हेला राजीखुशीनं राहिली म्हणता. ती परत तुमच्या दाराशी आली कशी? आम्ही दोघी मोकळ्या होतो. रोटीवाल्यांच्या गल्लीत एका विधवेकडे कणीक मळत होतो. वेशी उघडल्या तशी मी त्या बाईबरोबर मिस्पाला पुढं निघाले, ही दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आली नाही. का आली नाही, ते हिनं मला अजून सांगितलेलं नाही.

हेला : राहू दे ना, अक्का.

अतारा : बघा, अजून सांगत नाही. तुम्ही सांगा.

यरूशा : मी निरोप पाठवला होता.

अतारा : काय म्हणून?

यरूशा : मी आजारी आहे म्हणून. ताप आहे, तोंडात पाणी घालायला कुणी नाही, एकदा येऊन जा म्हणून.

अतारा : आणि ताप होता? इथं माझ्याकडे बघा. ताप होता?

यरूशा : नाही.

अतारा : दाराशी कोण उभं होतं?

यरूशा : धनी. साक्षीची दोन माणसं. आणि चांभाराकडून आणलेली आरी.

अतारा : वा. आणि याला तुम्ही म्हणता, शपथ न मोडलेलं घर. बाकीच्यांनी निदान उघडपणे केस धरून ओढलं. तुम्ही मायेला गळ लावलात.

हेला : मला माहीत होतं, बाईसाहेब.

यरूशा : काय माहीत होतं?

हेला : ताप नाही ते. आत आले आणि कपाळाला हात लावला तेव्हाच कळलं. थंडगार होतं.

यरूशा : मग तू बाहेर का नाही पळालीस? दार उघडं होतं. धनी तुला धरणार नव्हते, धरलं असतं तर त्याला अर्थच राहिला नसता.

हेला : तुम्ही रडत होतात. म्हणालात, हेला, तू म्हणालीस तर ईश्वी वाचेल, नाहीतर वासरासारखे त्याचे तुकडे होतील. ईश्वीला मी कडेवर वाढवलाय. पाच वर्षांचा होईस्तोवर माझ्याच हातून जेवायचा तो. मला नाही म्हणवेना.

यरूशा : म्हणजे धन्यावर माया आहे म्हणालीस, ते—

हेला : ते खोटं होतं. धन्यावर माझी काही माया नव्हती. ते हात उचलायचे, तुम्हालाही माहीत आहे. पण तोंडातून गेलं, देवाच्या नावानं गेलं. गेलेला शब्द गिळता येत नाही मला. म्हणून मी इथं आहे. मला बाबेलला जायचंय असं नाही. अक्काचा मळा बघायचाय मला. पण तुम्ही सोडल्याशिवाय मी उठणार नाही.

अतारा : ऐकलंत? तिनं तुमच्या पोरासाठी स्वतःचा कान दिला. तुम्ही तिच्यासाठी काय देणार?

यरूशा : शाप, अतारा. शापाचं काय?

अतारा : मी काही संदेष्टा नाही. ईश्वीला काही होणार नाही असं छातीठोक सांगायला मला देवानं पाठवलेलं नाही. पण एवढं सांगते. देवाला काय तुमच्या दाराची चौकटच दिसली आणि चौकटीमागची रडारड दिसली नाही? साक्षीची दोन माणसं फसली असतील. तो फसला नाही. त्या दिवशी ताप नव्हता हे हेलाच्या हाताला कळलं, मग त्याला कळलं नसेल? लपवताय कुणापासून?

यरूशा : या बायकांपासून. ती पलीकडे बसलीय ना, निळ्या फडक्यात, ती खजिनदाराची बायको. आम्ही तिला नेहमी म्हणायचो, तुमच्या घरानं शपथ मोडली. आज मी तोंड उघडलं तर ती हसेल.

अतारा : हसेल.

यरूशा : हो.

अतारा : मंदिराच्या तिसऱ्या दाराशी तुमचे महाराज हेच म्हणाले ना? मी काही टोचून बोलत नाही. खरंच विचारतेय. त्यानंही हेच म्हटलं.

यरूशा : हेच म्हटलं.

अतारा : आणि आणखी एक. शपथ काय होती? दासी मोकळी करीन, हीच ना? मग ती अजून पाळता येते की. उशीर झालाय, वरातीमागून घोडं आहे, हे कबूल. पण वासरामधून तुमचे धनी चालले ते ज्या शब्दासाठी, तो शब्द आज या माळावर खरा करता येतो. सिद्कीयाला आता नाही येणार. त्याचे गुलाम मेले किंवा पांगले, त्याला मोकळं करायला कुणी उरलंच नाही. तुमची दासी तुमच्या शेजारी बसलीय. तुमच्या हातात काही नाही म्हणता, पण या सगळ्या रांगेत ज्याच्या हातात काही आहे असं माणूस तुम्हीच आहात.

यरूशा : तो येतोय.

अतारा : कोण?

यरूशा : दुभाष्या. मोजत येतोय. हेला, माझं फडकं नीट कर. नको, राहू दे. मीच करते.

हेला : तुमचे हात बांधलेत, बाईसाहेब. थांबा.

यरूशा : अतारा, मला उठव जरा. बसून नाही बोलणार मी. ऐका. हो, तुम्हीच, दुभाषे. ही मुलगी माझी नाही. मी मोकळी केली तिला. नाही, आत्ता नाही, आमच्या घरानं देवापुढं मोकळी केली होती, वासरामधून चालून. मग मी तिला फसवून परत आणली. ताप आहे असं खोटं सांगून आणली. कान टोचला तो त्या खोट्यावर टोचला. तिनं जे म्हटलं ते माझ्या रडण्यापायी म्हटलं. ते मी तिच्यावरून उतरवते. तिच्यावर माझा, माझ्या मुलाचा, आमच्या घराचा काही हक्क नाही. तुमच्या भाषेत एवढं सगळं लिहायची गरज नसेल तर नुसतं लिहा, ही कुणाची नाही. तुम्हीही ऐकलंत ना, खजिनदारीणबाई? हो, आमच्याही घरानं मोडली. तुमच्याइतकीच मोडली. हसा.

अतारा : ती हसत नाहीये.

यरूशा : नाही?

अतारा : तोंडाला पदर लावलाय तिनं.

यरूशा : सोडा तिची दोरी, दुभाषे. तिची सोडा. माझी नाही म्हणत.

हेला : बाईसाहेब.

यरूशा : ऊठ आता. मोकळी झालीस ना? का अजून काही राहिलंय माझ्या तोंडून निघायचं?

हेला : नाही. सगळं म्हणालात.

यरूशा : ईश्वीला तू नाहीस हे कळलं की तो विचारेल. पडावावर एकत्र आणतात म्हणे रात्री. मी त्याला खरं सांगेन. मला नाही वाटत तो मला हसेल. वाटलं तर हसू दे.

हेला : त्याला म्हणावं, डोक्यावर ओलं फडकं ठेव. उन्हानं लगेच नाकातून रक्त येतं त्याच्या. आणि तुमच्या टाचा. पट्टी कोरडी बांधू नका, घासते. आधी भिजवा, पिळा, मग बांधा. गाठ वरच्या बाजूला घ्या, घोट्यावर नको.

यरूशा : वरच्या बाजूला.

हेला : एकदा माझ्यादेखत बांधा बघू.

अतारा : हेला.

हेला : एवढी बांधून होऊ दे, अक्का. त्यांना येत नाही.

अतारा : बरं. होऊ दे. यरूशाबाई, ही अंजिरं ठेवा तुमच्या ओटीत. आणि पाण्याची पखालही राहू दे. मला काय, वाटेवर झरा आहे.

यरूशा : अतारा.

अतारा : काय?

यरूशा : तू सुटलीस ते बरं झालं. मी तुझ्यासाठीही निरोप धाडला असता. तू मिस्पाला गेलीस असं कळलं, म्हणून नाही धाडला.

अतारा : ठाऊक होतं मला. म्हणून तर मी सकाळची वाट पाहिली नाही. चला, ते उठवताहेत रांगा. हेला, चल.

यरूशा : जमतंय मला. गाठ वरच्या बाजूला. जा आता दोघी. आणि हेला, चालताना मी मागून हाक मारली, तर ओ देऊ नकोस. सवयीनं मारली असेन.